पिढी बदलली की पाटी? आरटीएक्स ४०६० टीआयचं एक प्रकरण

जून २०२३ मधला रविवार. सिंहगड रोडवरचा भाच्याचा भाड्याचा फ्लॅट, जेवणाच्या टेबलावर अंथरलेला पेपर आणि त्यावर शेजारी शेजारी दोन ग्राफिक्स कार्डं, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमची चित्रं काढणारी. एक भाच्याच्या रूममेटचं आरटीएक्स ३०६० टीआय, दोन वर्षं वापरलेलं, पंख्यांच्या पात्यांना धुळीची करडी किनार. दुसरं आरटीएक्स ४०६० टीआय, रूममेटच्या चुलतभावाने आठवड्यापूर्वी घेतलेलं आणि एका दिवसासाठी मागून आणलेलं. त्याच्या कडेवरचं पारदर्शक प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. ते काढायचं नाही, ही चुलतभावाची अट.

व्यवहार असा होता. रूममेटला ३०६० टीआय विकून नवं घ्यायचं होतं. जुनं भाच्याने घ्यावं, म्हणजे भाच्याच्या पीसीतलं जीटीएक्स १०६० एकदाचं निवृत्त होईल. मला बोलावलं ते पंच म्हणून. रूममेटची पंचाईत मोठी मजेशीर होती. नवी पिढी जबरदस्त आहे हे त्याला सिद्ध करायचं होतं, कारण त्याशिवाय खर्चाचं समर्थन होत नव्हतं. आणि जुनं कार्ड नव्याच्या तोडीस तोड आहे हेही सिद्ध करायचं होतं, कारण त्याशिवाय भाचा सव्वीस हजार मोजणार नव्हता. ‘मामा, दोन्ही खरं असू शकतं ना?’ असं त्याने विचारलं तेव्हा मी हसलो होतो. संध्याकाळपर्यंत हसू ओसरलं. दोन्ही खरंच होतं.

कागदावरचं कार्ड

३०६० टीआय डिसेंबर २०२० मध्ये ३९९ डॉलरला बाजारात आलं. ४०६० टीआय २४ मे २०२३ ला, तेही ३९९ डॉलरलाच. दोघांनाही ८ जीबी मेमरी. अडीच वर्षांचं अंतर, किंमत तीच, मेमरी तीच. मग बदललं काय?

जुन्यात ४,८६४ कुडा कोअर (एकाच वेळी हिशेब करणारे चिपमधले छोटे भाग) होते, नव्यात ४,३५२. म्हणजे कोअर कमी झाले. पण नव्याचा बूस्ट क्लॉक, म्हणजे जोरात असतानाचा वेग, २,५३५ मेगाहर्ट्झ, जुन्याचा १,६६५. त्यामुळे हिशेबाची एकूण ताकद नव्याचीच जास्त. वीज २०० वॉटवरून १६० वॉटवर आली. हे सगळं ठीक. मात्र मेमरीकडे जाणारा रस्ता, म्हणजे बस, अर्धा झाला, २५६ बिटचा १२८ बिट. सेकंदाला ४४८ जीबी वाहून नेणारी बस आता २८८ जीबीच नेऊ लागली. नव्या पिढीचं कार्ड आणि बँडविड्थ, म्हणजे ही सेकंदाची वाहतूक, तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलेली, हे वाचून भाचा म्हणाला, ‘छापताना चूक झाली असेल.’ चूक नव्हती.

यावर ही कार्डं काढणाऱ्या एनव्हिडियाचं उत्तर होतं कॅश. चिपच्या पोटातली एल२ कॅश ४ एमबीवरून ३२ एमबी केली. हाताशी लागणारा माल दुकानातच ठेवला की गोदामात कमी खेपा होतात, तसं. कंपनीने तर २८८ च्या शेजारी ‘परिणामी ५५४’ असा आकडाही दिला होता. युक्तिवाद खोटा नाही, फक्त अर्धा आहे. १०८० पी, १४४० पी, ४के ही पडद्यावरच्या ठिपक्यांची चढती पायरी. १०८० पी ला खेळताना लागणारा बराचसा माल त्या ३२ एमबीत सापडतो आणि नवं कार्ड जुन्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास पुढे राहतं. १४४० पी ला ही आघाडी आटते. ४के ला तर काही गेममध्ये जुनं कार्ड पुढे जातं, कारण माल इतका वाढतो की दुकानात मावत नाही आणि गोदामाचा रस्ता तर अरुंद केलेला. रूममेटचा मॉनिटर १४४० पी चा होता. हे त्याला मी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्याने विषय बदलला.

कारखान्यातलं नाव

आता या प्रकरणाचा गाभा. चिपला एक नाव असतं, ते खोक्यावर छापत नाहीत. ३०६० टीआयच्या आत जीए१०४ ही चिप आहे, ४०६० टीआयच्या आत एडी१०६. अक्षरं पिढी सांगतात, शेवटचे तीन आकडे घरातलं स्थान. १०२ थोरली, मग १०३, १०४, १०६, १०७ अशी उतरंड. म्हणजे नाव ‘६० टीआय’ तेच राहिलं, पण आतली चिप एक पायरी खाली उतरली. मागच्या पिढीत १०६ चिप साध्या ३०६० मध्ये असायची. या पिढीतली १०४ कुठे गेली? ४०७० आणि ४०७० टीआयमध्ये, ५९९ आणि ७९९ डॉलरला.

आकारात बघा. जीए१०४ चं क्षेत्रफळ ३९२ चौरस मिलिमीटर, एडी१०६ चं १८८. निम्म्याहूनही कमी. तरीही छोटीत २२.९ अब्ज ट्रान्झिस्टर, मोठीत १७.४ अब्ज. एका चौरस मिलिमीटरमध्ये जिथे पूर्वी सुमारे साडेचार कोटी मावत होते तिथे आता बारा कोटी. सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवरून तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ‘४एन’ प्रक्रियेवर गेल्याचं हे फळ. अभियांत्रिकी म्हणून बघितलं तर टाळ्या वाजवाव्यात असं काम आहे. निम्म्या सिलिकॉनमध्ये, एक पंचमांश वीज वाचवून, थोडं जास्तच काम.

मग गिऱ्हाईक चिडलं का? कारण सुधारणा झाली, पण ती त्याच्या ताटात पडली नाही. निम्मी चिप त्याच किमतीला विकली गेली. जुन्या आकाराची चिप नव्या तंत्राने ३९९ ला दिली असती, तर खरी झेप दिसली असती. इथे झेप चिपने घेतली आणि नावाची पाटी तिच्याखालून एक घर सरकवली गेली.

कंपनीच्या बाजूचंही ऐकायला हवं. टीएसएमसीची ही प्रक्रिया सॅमसंगच्या त्या जुन्या प्रक्रियेपेक्षा महाग आहे, त्यामुळे चौरस मिलिमीटरचा हिशेब सरळ रुपयात उतरत नाही. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सप्टेंबर २०२२ मध्येच बोलून दाखवलं होतं, की चिपा दरवर्षी स्वस्त होत जाण्याचे दिवस सरले. त्यात तथ्य आहे. पण त्याच सप्टेंबरात ‘४०८० १२ जीबी’ नावाचं एक कार्ड ८९९ डॉलरला जाहीर झालं होतं. ते १६ जीबीच्या ४०८० चं धाकटं भावंड नव्हतंच, त्यात चिपच वेगळी होती: तिथे एडी१०३, इथे एडी१०४. बोंब इतकी झाली की १४ ऑक्टोबरला कंपनीने ते नाव मागे घेतलं, आणि जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय म्हणून १०० डॉलर कमी करून आणलं. सिलिकॉनचा खर्च तीन-चार महिन्यांत १०० डॉलरनी उतरला नसणार. पाटी कुठवर सरकवता येते याची चाचपणी चालली होती, असं माझं मत. ४०६० टीआयच्या वेळी तेवढी बोंब झाली नाही, कारण आधीच्या बोंबेनं लोक दमले होते.

आणि लोकांची अपेक्षा हवेतून आलेली नव्हती. २०१६ चं १०६० आधीच्या पिढीच्या ९८० च्या जवळ बसलं. ३०६० टीआयने २०८० सुपरला गाठलं, बऱ्याच गेममध्ये मागेही टाकलं. त्या रीतीने ४०६० टीआय ३०८० च्या आसपास असायला हवं होतं. ते ३०७० च्या आसपास अडलं. २०२० मधलं ४९९ डॉलरचं कार्ड अडीच वर्षांनी ३९९ ला, एवढीच ती प्रगती.

टेबलावरची दुपार

कार्डं बदलून बघितली ती भाच्याच्या पीसीत. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). नवं कार्ड बसवलं, ड्रायव्हर साफ करून परत टाकले आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. बस इंटरफेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, चौकटीत एक्स८ (लेनची संख्या) आणि १.१ (जोडणीची आवृत्ती)! भाच्याचा चेहरा पडला. बोर्ड जळाला की स्लॉट खराब? काही नाही. कार्ड निवांत असलं की वीज वाचवायला लिंक खाली येते. शेजारचं प्रश्नचिन्हाचं बटण दाबून छोटी चाचणी चालवली की खरा आकडा दिसतो. तो दिसला: ३.०, पण एक्स८. (हे प्रश्नचिन्ह न दाबता कार्ड परत करायला दुकानात गेलेली माणसं मला ठाऊक आहेत.)

एक्स८ मात्र निवांत कार्डाचा प्रकार नव्हता, ती ४०६० टीआयची जन्मजात मर्यादा. ३०६० टीआयला सोळा लेन आहेत, याला आठ. पीसीआय एक्सप्रेस ४.० ही जोडणी असलेल्या बोर्डावर आठ लेनमध्ये सेकंदाला १६ जीबीच्या घरात वाहतूक होते आणि ती पुरते. पण बी४५० वर ४.० नाही, प्रोसेसर कितीही नवा लावा. तिथे तीच वाहतूक निम्मी, ८ जीबीच्या खाली. मेमरी पुरते तोवर दोन-चार टक्क्यांचा फरक, बघायलाही मिळत नाही. मेमरी संपली की मात्र प्रत्येक गोष्ट याच गल्लीतून येते-जाते.

आणि मेमरी संपत होती. २०२३ चा वसंत ८ जीबीवाल्यांना वाईट गेला. मार्चअखेर पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ या गेममध्ये टेक्श्चर (भिंती-वस्तूंवर चढवलेली चित्रं) वरच्या पायरीवर ठेवले की ८ जीबी भरून वाहायचे. आम्ही तोच लावला. दोन्ही कार्डं अडखळली. भिंती आधी मेणासारख्या गुळगुळीत, मग दोन श्वासांनी त्यांच्यावर विटा उमटायच्या. नव्या कार्डावर हे अडखळणं जास्त जाणवत होतं, ज्याची मला अपेक्षा होती आणि रूममेटला नव्हती. टेक्श्चर एक पायरी खाली घेतले, दोन्ही सुतासारखी चालली. नव्या पिढीने हात न लावलेली ही एक जागा. कंपनीने जुलैत १६ जीबीची आवृत्ती काढली, पण ४९९ डॉलरला आणि परीक्षकांना नमुने न पाठवता. चिप तीच, बस तीच १२८ बिटची.

मग रूममेटने हुकमाचा एक्का काढला, फ्रेम जनरेशन. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र; मधली चित्रं स्वतः बनवून घालणारं हे नव्या कार्डातलं तंत्र. ‘सायबरपंक २०७७’ लावला, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) चालू केलं, डीएलएसएस ३ चं, म्हणजे याच तंत्राचं, बटण दाबलं. कोपऱ्यातला सेकंदाच्या फ्रेमचा आकडा उडी मारून वर गेला. तो माझ्याकडे जिंकल्यासारखा बघत होता. मी माऊस त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, आकडा हाताने झाक, मग गेममधली मान झपकन वळव. दोन मिनिटं तो गप्प. ‘दिसतंय लोण्यासारखं, पण हाताला जुनंच लागतंय,’ म्हणाला.

बरोबर होतं ते. दोन खऱ्या फ्रेममध्ये एक बनवलेली फ्रेम घुसवायची, तर पुढची खरी फ्रेम क्षणभर रोखून धरावी लागते. डोळ्याला गुळगुळीतपणा मिळतो, हाताला वेग मिळत नाही, उलट किंचित उशीर वाढतो. मुळात साठ-सत्तर फ्रेम येत असतील तर हे तंत्र छान चालतं. मुळात तीसच येत असतील तर चिखलावर रांगोळी. शिवाय ते स्वतःही थोडी मेमरी खातं, म्हणजे ८ जीबीत आणखी एक पाहुणा. मी या तंत्राला फसवणूक म्हणणार नाही. संथ, बघण्यासारख्या गेममध्ये मला ते आवडतं. फसवणूक आहे ती तक्त्यात. ४०६० टीआय ३०६० टीआयच्या १.७ पट वेगवान, हा कंपनीचा दावा या बनवलेल्या फ्रेम मोजून केलेला होता. एकाची कमाई आणि दुसऱ्याची कमाई अधिक उसनवारी, अशी ती तुलना.

दुपारी चारला चहा झाला. तोवर एवढं स्पष्ट झालं होतं, की आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजत होतो. भाचा वॉट मोजत होता, रूममेट फ्रेम आणि मी चिप. प्रत्येकाचं उत्तर त्याच्या मापात बरोबर. या वादात माणसं हातघाईवर येतात ती म्हणूनच. एक म्हणतो सुधारणा आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि कशाच्या तुलनेत हे कुणीच आधी विचारत नाही. चिपच्या तुलनेत चिप बघाल तर मोठी झेप. पाटीच्या तुलनेत पाटी बघाल तर दहा टक्के. रूममेटचं ‘दोन्ही खरं असू शकतं ना’ इथे येऊन बसलं.

रुपयात

३९९ डॉलर हा आकडा आपल्याकडे फार उपयोगाचा नाही. त्या महिन्यातला साडेब्याऐंशीचा भाव आणि वर १८ टक्के जीएसटी धरला तर सुमारे ३८,८०० होतात, आणि दुकानदाराचा वाटा, आयातदाराचा वाटा त्यानंतर. रूममेटने जुन्याचे सव्वीस मागितले होते, मी वीस म्हटलं. वीसला विकून एकोणीस-वीस वर घालायचे, कशासाठी? १४४० पी ला दहाहूनही कमी टक्क्यांसाठी आणि एका बटणासाठी. वीज वाचते, हो. रोज चार तास खेळला तर ४० वॉटच्या हिशेबाने वर्षाला ५८ युनिट; दहा रुपयांनी साधारण ५८० रुपये. घातलेले पैसे फिटायला तीस वर्षांहून जास्त लागतील. तोवर सिंहगड रोडवरचा ट्रॅफिकही सुटलेला असेल.

सव्वीस मागण्यामागे एक दुखणंही होतं. २०२१ मध्ये त्याच्या वडिलांनी हे कार्ड छापील किमतीच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजून घेतलं होतं. तेव्हा इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या खाणकामामुळे, म्हणजे कार्डांवर हिशेब चालवून ते चलन मिळवण्यामुळे, कार्डं मिळतच नव्हती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि खाणीतली कार्डं पोत्याने सेकंडहँड बाजारात आली. दुप्पट पैसे मोजलेल्याला ४०६० टीआय स्वस्त वाटतं, आणि ते वाटणंही खोटं नाही. फक्त ते कार्डाचं मोठेपण नव्हे, २०२१ चं हलकेपण.

रूममेटला मी सांगितलं, विकू नकोस. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदल, पात्यांवरची धूळ पूस, टेक्श्चर एक पायरी खाली ठेव.

त्यामुळे भाच्याला कार्ड मिळेना. पण त्याचं गणित मुळात वेगळं होतं. त्याच्याकडे ६०० व्हीएचा युपीएस होता, प्रत्यक्षात ३६० वॉटचा. त्यांच्या भागात संध्याकाळी वीज जाते म्हणून घेतलेला. ३०६० टीआय लावलं तर कार्ड २००, प्रोसेसर ८८, मॉनिटर आणि बाकीचं मिळून पंचाहत्तर. काठोकाठ, आणि वीज गेली त्याच क्षणी कार्ड जोरात असेल तर युपीएस किंचाळून बंद. शिवाय ३०६० टीआयला ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवलेला, भाच्याचा ५५० चा. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचं आरएक्स ६७०० एक्सटी मला मनापासून सुचवायचं होतं, १२ जीबी मेमरी आणि तेव्हा किंमतही उतरलेली. पण ते २३० वॉट खातं, म्हणजे आधी एसएमपीएस बदला, मग युपीएस बदला.

त्याने २९ जूनला आलेलं साधं ४०६० घेतलं, जुलैत. २९९ डॉलरचं, ११५ वॉटचं. त्याच्या आत एडी१०७, म्हणजे उतरंडीतली शेवटची. मागच्या पिढीत या आकड्याची चिप लॅपटॉपमधल्या ३०५० मध्ये असायची. पाटी सरकवण्याचं याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि त्याच्यासाठी तेच बरोबर होतं. १०६० वरून येणाऱ्याला वेग दुपटीहून जास्त मिळाला, मॉनिटर १०८० पी चाच, युपीएस शांत. सकाळभर चिपचं पुराण सांगणाऱ्या मामाने शेवटी सगळ्यात छोट्या चिपला होकार दिला, म्हणून दोघांनी माझी यथेच्छ टिंगल केली.

पुढचं पान

एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय आलं. ८ जीबीचं ३७९ डॉलरला, १६ जीबीचं ४२९ ला; ८ जीबीवालं परीक्षकांच्या हाती लागू नये अशी तजवीज पुन्हा होतीच. बस अजूनही १२८ बिटची, पण मेमरी नव्या जातीची, जीडीडीआर७. रूममेटचा फोन आला. ‘मामा, बँडविड्थ बघितलीत? ४४८!’ सेकंदाला ४४८ जीबी. त्याच्या कॅबिनेटमधल्या, डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या कार्डाचा तोच आकडा, निम्म्या रुंदीच्या रस्त्यावरून साडेचार वर्षांनी परत आलेला.

या वेळी त्याने मला विचारलं नाही, १६ जीबीचं घेऊन टाकलं. ३०६० टीआय भाच्याला देऊ केलं, बारा हजारांत. भाचा म्हणाला, युपीएस उचलणार नाही.